तीन रुंद, एक अरुंद

पळस्पे फाट्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मी माझी छोटी लाल गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवत होतो, तेव्हा माझी बायको सुषमा आत पुढच्या सीटवर बसलेली होती. टाकीत अडकलेली हवा बाहेर यावी आणि पेट्रोल अगदी काठोकाठ मावावं, म्हणून जाणकार लोक असं करतात. इथे भरायचं, मुक्कामी पोचलं की पुन्हा काठोकाठ भरायचं, आणि मग भागाकार. गाडीचं ॲव्हरेज काढायची याहून शास्त्रीय पद्धत पनवेल तालुक्यात तरी कुणाला ठाऊक नाही.

"अहो, मी उतरू का?" सुषमानं काच खाली करून विचारलं.

"नको, नको. नेहमीचं वजन आत हवं."

"नेहमीचं म्हणजे किती, तेही सांगा या पंपावाल्याला."

पंपावरचा माणूस सभ्य होता. त्यानं दुसरीकडे बघत मला विचारलं, "साहेब, प्रीमियमच ना?" मी मान डोलावली. आठ महिने मी या गाडीला प्रीमियम पाजत होतो. साधं पेट्रोल भरायचं म्हटलं की उगाच अपराधी वाटायचं. पोटच्या पोराला उष्टं दूध द्यावं तसं.

हा प्रवास समुद्र बघण्यासाठी नव्हता. सुषमाचा धाकटा भाऊ दिलीप श्रीवर्धनला राहतो. एका हॉटेलात तो पगारी नोकर होता. नोकरी सोडून, माझ्यासारखीच गाडी घेऊन दिवेआगर आणि हरिहरेश्वरचे पर्यटक फिरवायचे, असं त्यानं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणगावला गाडीचे पैसे भरणार होता. त्याचा सगळा हिशोब एका आकड्यावर उभा होता, आणि तो आकडा त्याला मी दिला होता. वीस.

"भाऊजी, गाडी किती देते?" दिवाळीत त्यानं विचारलं होतं.

"लिटरला वीस. डोळे मिटून."

डोळे मिटले असल्यामुळे काटा दिसत नव्हता, एवढंच त्यातलं सत्य. मी नवीन पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवतो. मुलांना सरासरी काढायला मीच शिकवतो. पण आमच्या सोसायटीत प्रत्येकाची गाडी वीसच्या वर देते, मुलगा नव्वदच्या वर मिळवतो आणि रक्तदाब नॉर्मल असतो. तिथे मी एकटाच खरं बोलून काय मिळवणार होतो? खरं तर खरा आकडा मलाही माहीत नव्हता. तो माहीत करून घ्यायची हिंमत नव्हती.

"उद्या तरी त्याला काय ते खरं सांगा," सुषमा आदल्या रात्री म्हणाली होती. "तो तुमच्या वीसवर नोकरी सोडतोय."

मी अधिक सज्जनपणाचा मार्ग निवडला. खोटं कबूल करण्याऐवजी ते वाटेतच खरं करून टाकायचं. म्हणून एसी बंद. काचाही बंद, कारण वारा आत शिरला की गाडीला मागे ओढतो, असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं. डिकीतली छत्री, जॅकवरचं गोणपाट आणि सुषमानं भावासाठी घेतलेला पाच किलो गूळ, यांपैकी वजन कमी करण्याच्या मोहिमेतून गूळ तेवढा वाचला. मार्चचा महिना होता. कर्नाळ्याच्या खिंडीत झाडांची छान सावली आहे म्हणतात. आम्ही ती काचेतून पाहिली.

"माझा चहा उकळतोय," सुषमा म्हणाली. चहा थर्मासमध्ये नव्हता. तो तिनं निघताना प्यायलेला होता.

पेण मागे टाकून आम्ही वडखळला आलो. वडखळच्या नाक्यावर गाड्या उभ्या राहतात ही रायगड जिल्ह्यातली नैसर्गिक घटना आहे. रस्त्याकडेला अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या होत्या. नऊवारीतल्या एका बाईनं काचेवर माळ आपटली.

"घ्या ना दादा. गोड हायत. कच्चा खा."

"चार माळा घेऊ," सुषमा म्हणाली.

"येताना घेऊ."

"का?"

"वजन," मी हळूच म्हणालो.

बाईला ते ऐकू गेलं. "कांद्यानी गाडी बसतंय का दादा? आमी टोपलीभर डोक्यावर आनतो." आणि ती मागच्या गाडीकडे गेली. सुषमा नागोठण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. न बोलण्यात शक्ती वाया जात नाही, त्यामुळे ॲव्हरेजच्या दृष्टीनं ते चांगलंच होतं.

आता टायरचं सांगायला हवं. गाडी घेतली तेव्हा तिला कंपनीचे बारीक टायर होते. आमच्या इमारतीत एकानं रुंद टायर आणि चकचकीत रिम बसवल्या, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या गाडीचे पाय मला काडीसारखे दिसू लागले. पनवेलला सलीमचं टायरचं दुकान आहे. सलीम माझा शाळेतला मित्र. दहा वर्षं कुवेतला काढून आलेला. त्यानं मला रुंद टायर दाखवले.

"मास्तर, खुदा कसम, गाडी जमीन सोडणार नाही," तो म्हणाला.

ते शब्दशः खरं ठरलं. गाडीनं जमीन सोडलीच नाही. गोचिडीसारखी धरून ठेवली. पूर्वी चढावर हलका पाय दिला की निघायची. आता प्रत्येक सिग्नलला ती निघायचं की नाही यावर विचार करायची. तिच्यात जोर यावा म्हणून मी प्रीमियम पेट्रोल सुरू केलं. पायात जड बूट घालायचे आणि मग थकवा येतो म्हणून टॉनिक घ्यायचं, असा तो उपचार होता. बूट काढून बघावेत, हे काही सुचलं नाही.

नागोठण्याच्या पुढे रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं, म्हणजे दोन पदरी होता तोही खणून ठेवला होता. एका खड्ड्याच्या काठावर डावीकडून फाट असा आवाज आला आणि गाडी बसली. सुदैवानं समोरच पंक्चरचं दुकान होतं. बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांचा मुलगा हवा भरत होता. मुलानं टायर फिरवून पाहिला.

"बाजूनं फाटलाय. याला काय होनार नाय. स्टेपनी हाय ना?"

स्टेपनी, म्हणजे जादा चाक, होती. ती डिकीतून बाहेर आली आणि मला आठवलं. चार चकचकीत चाकं घेताना पाचव्याचे पैसे मी वाचवले होते. स्टेपनी कंपनीची होती. बारीक, काळी, साधी. ती बसवल्यावर गाडी डावीकडे किंचित कलून उभी राहिली. म्हाताऱ्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"मास्तर दिसताव तुमी."

"कशावरून?"

"असंच. तीन जावई आन एक घरगडी. आन काम कोन करनार? घरगडी." ते बाकड्यावर जाऊन बसले. "सावकाश जा. बाकीचे तीन रुसतील."

सुषमा सकाळपासून पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून, पुढे वाकून, थांबेचना. मलाही बरं वाटलं. मग काचा उघडल्या, एसीही लावला. कललेल्या गाडीत बसून तत्त्वं सांभाळण्यात अर्थ नव्हता.

माणगावला वळलो आणि म्हसळ्याचा घाट लागला. काजूला बोंडं धरली होती. एका वळणावर बायका करवंदीच्या जाळीत काहीतरी शोधत होत्या. घाट उतरला की हवेला मिठाचा वास येतो, आणि सुपारीच्या वाड्या सुरू होतात. सुषमानं डोकं बाहेर काढून वास घेतला. तिचं माहेर जवळ आलं की तिची मान आपोआप लांब होते. मी काट्याकडे बघत होतो. काटा माझ्या वीसकडे न बघता खाली चालला होता.

श्रीवर्धनच्या पंपावर मी पुन्हा टाकी काठोकाठ भरली. या वेळी गाडी हलवली नाही. जेवढं कमी मावेल तेवढं बरं. तरी मावायचं तेवढं मावलंच. मी भागाकार केला. पुन्हा केला. गणिताच्या मास्तरला भागाकाराचा इतका राग कधी आला नसेल.

"किती?" सुषमा.

"रस्ता फार खराब होता."

"रस्त्याचं नाही विचारलं."

"बारा."

तिनं पंपाचं बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

दिलीप अंगणातच उभा होता. नमस्कार करायच्या आधी त्यानं गाडीकडे पाहिलं. "भाऊजी, हे एकच चाक असं बारीक का?"

"पंक्चर."

"आणि बाकीची अशी जाड का?"

मी डिकी उघडून गूळ पुढे केला.

रात्री पानात तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या) आणि सोलकढी होती. दिलीप खुशीत होता. पाटी कशी रंगवायची, पहिली फेरी गावातल्या देवळापर्यंत न्यायची, पहिल्या सीटवर ताईला बसवायचं, सगळं त्यानं ठरवलं होतं. "वीस म्हणजे मला परवडतंय भाऊजी. अठरा असती तरी जमवलं असतं. त्याखाली मात्र नोकरीच बरी." सुषमानं माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. न मागता. मी ती बाजूला सारली.

"दिलीप, बारा."

"काय बारा?"

"गाडी बारा देते. वीस मी असंच म्हणालो होतो."

त्यानं सोलकढीची वाटी खाली ठेवली. मी घाईघाईनं बोलत सुटलो. टायर, सलीम, प्रीमियम, खड्डे, सोसायटी. एखाद्या गोष्टीची लाज वाटली की मी ती तपशीलवार सांगतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतला आणि अंगणात गेला. चाकाजवळ बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

सकाळी तो माणगावला गेला नाही. चहा घेताना म्हणाला, "भाऊजी, चारी चाकं या बारक्यासारखी असली आणि पेट्रोल साधं असलं, तर किती देईल?"

"माहीत नाही."

"हे बरं केलंत. माहीत नाही असं तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात." तो हसला नाही. "पनवेलला जा. टायर बदला, साधं भरा, आणि खरं काय येतं ते कळवा. आठवडाभर मी पैसे थांबवतो. त्यांना सांगतो, घरात सुतक आहे."

"कुणाचं?"

"तुमच्या वीसचं."

परत येताना वडखळला मी कांद्याच्या सहा माळा घेतल्या. तीच बाई होती. "आता बसली का गाडी?" तिनं कललेल्या बाजूकडे बघून विचारलं. सुषमानं तिला दोन माळांचे जास्तच पैसे दिले असावेत.

पनवेलला थेट सलीमच्या दुकानात गेलो. दारात माझे चार जुने टायर एकावर एक रचून त्यावर फळी टाकलेली होती, आणि फळीवर त्याचा चहाचा कप.

"विकले नाहीस?"

"तू येशील म्हणून ठेवले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, की ॲव्हरेज पडेल?"

"मास्तर, तू ॲव्हरेज विचारलंस? तू विचारलंस, कसे दिसतात." त्यानं कप उचलला. "सुभानल्लाह दिसत होते. आताही म्हणतो." त्याची स्वतःची गाडी गल्लीत उभी होती. मी तिची चाकं पाहिली. काडीसारखी. "माझी कमाईची गाडी आहे रे," तो म्हणाला, आणि एवढंच बोलून पाना शोधायला गेला.

बारीक टायर चढले, त्यांत कंपनीनं सांगितलेली हवा भरली, पळस्प्याच्या पंपावर साधं पेट्रोल काठोकाठ भरलं. मग सुषमा आणि मी गाडी घेऊन निघालो. एसी कधी लावलेला, कधी बंद, जशी माणसं चालवतात तशी. कोन, खोपोली, पुन्हा पेण. सुषमा गूळ-शेंगदाणे खात होती. चढावर हलका पाय दिला आणि गाडी निघाली. आठ महिन्यांनी तिला तिचे पाय परत मिळाले होते. प्रीमियम नाही म्हणून तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उष्टं दूध वगैरे माझ्याच डोक्यात होतं.

संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच माणसाकडून टाकी भरली. सुषमा शेजारी उभी राहून भागाकार बघत होती. घरी येऊन मी दिलीपला फोन लावला.

"दिलीप, अठरा!"

मग तो म्हणाला, "ताईला द्या."

सुषमानं फोन घेतला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "साडेसतरा."

त्या अर्ध्या किलोमीटरचा मी अजून विचार करतो. सगळं कबूल करून, टायर बदलून, कांदे घेऊन, निव्वळ सत्य सांगायला फोन उचलला, आणि तोंड उघडल्याबरोबर ते अर्धं आपोआप चढलं. ते कुठल्या टायरमधून आलं नव्हतं, की कुठल्या पेट्रोलमधून.

दिलीपनं दोन दिवस आकडेमोड केली आणि साडेसतरावर गाडी घेतली. फेरी देवळापर्यंतच न थांबवता पुढे हरिहरेश्वरला नेली आणि कमी पडलेल्या अर्ध्यासाठी सीटवर एक माणूस जास्त बसवायचं ठरवलं. पहिल्या फेरीला पहिल्या सीटवर ताई होती. मी मागे बसलो. वाटेत एका पर्यटकानं त्याला विचारलं, "गाडी किती देते हो?"

दिलीपनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मागे बसलेत त्यांना विचारा," तो म्हणाला. "आणि अर्धा वजा करा."