कुंपणाच्या कडेचं बी

आमच्या लेलंड उनरूच्या पायाला भिंगरी आहे. वय एकाहत्तर, उभा जन्म कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवण्यात गेला, तरी गडी एका जागी ठरत नाही. दर ऑक्टोबरला आम्ही गावकरी कॅन्ससच्या टेकड्यांतल्या राखीव माळावर चालायला जातो. फाटकाशी प्रत्येकाने बूट ब्रशने घासायचे, मोज्यांत अडकलेलं बी वेचून डब्यात टाकायचं, मगच आत. लेलंड तीनदा घासतो.

आत शिरलो की हा रांग सोडून गवतात घुसतो. गवत पुरुषभर उंच, तांबूस झालेलं. नुसती त्याची टोपी हलताना दिसते. लोकांना वाटतं, पक्षी शोधतोय. तो शोधत असतो लेस्पेडेझा नावाचं झुडूप. बियांनी भरलेले शेंडे कापतो आणि पिशवीत कोंबतो. सेहेचाळीस वर्षांपूर्वी, लावा पक्ष्यांना दाणा मिळेल म्हणून, त्यानेच हे तण माळाला लागून असलेल्या आपल्या शेताच्या कुंपणाच्या कडेने पेरलं होतं. तेव्हा सगळेच पेरत. आता ते कुंपण ओलांडून माळ गिळत चाललंय, आणि आपण पेरलं हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं.

यंदा माळाची राखण करणारी कॉरीन पुढे होती. पोरगी कामाची, पण तोंडाने फटकळ. तिने वाटेत कासव दाखवलं, दक्षिणेला निघालेली फुलपाखरं दाखवली. उत्तरेच्या उतारावर आलो, तर जेन्शनची निळी फुलं उमललेली आणि त्यांच्या मधोमध सगळीकडे लेस्पेडेझा.

"सोमवारी अख्ख्या उतारावर औषध मारणार," ती म्हणाली.

"आणि ही निळी फुलं?" लेलंडने विचारलं.

"तीही जाणार. ज्या शहाण्याने हे पेरलं, त्याला जाऊन विचारा."

लेलंड या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिला. मी वर घिरट्या घालणाऱ्या ससाण्याकडे बघत होतो. खरं सांगतो, तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"औषध नको. मी हातानं काढतो," तो म्हणाला.

"अहो, हजारभर झाडं आहेत! तुम्हाला एवढं काय पडलंय?"

"मीच पेरलंय ते."

कॉरीनने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"लावे आले का तरी?"

"एक हिवाळा आले. मग नाही."

"याचं बी मातीत वीस वर्षं जिवंत राहतं, लेलंड."

"माहितीये मला."

"मग उद्या लवकर या. कात्रीला धार लावून आणा. सोमवारचं औषध मी थांबवते."

लेलंड तिथेच गवतात बसला. त्याला असं स्वस्थ बसलेलं मी प्रथमच पाहिलं. माझं नाव त्याने घेतलं नव्हतं, घेऊ शकला असता.

"कॉरीन, दोन पिशव्या ठेव," मी म्हणालो. "पेरलं त्या दिवशी ट्रॅक्टर मी चालवत होतो."