बाबांच्या गाडीच्या नव्या सीटा

मंडळी, आज घडलेला एक घोर अन्याय आपल्या कानी घालतो. बाकदार सुई माझ्या अंगठ्यात शिरली आणि घरात कुणीही दखल घेतली नाही. सुईला संस्कृतात सूची म्हणतात, पण टोचल्यावर मी अस्सल मराठीतच बोललो.

निमित्त बाबांच्या जुन्या अँबॅसडरचं. बाबा गेल्यावर आई आणि ही गाडी, दोघी साताऱ्याहून चेन्नईला आमच्याकडे आल्या. रविवार-रविवार पार्किंगमध्ये खपून मी सीटा नव्या केल्या. कुजका काथ्या काढून फोम भरला, नवं रेक्झिन शिवलं. आज शेवटचे टाके घातले आणि आतून घासून घासून बाबांच्या तंबाखूचा वासही घालवला.

दुपारी आईला थाटात आत बसवलं. "कसं काय, राणीसाहेब?"

तिने सीटवरून हात फिरवला. "छान झालंय रे. ह्यांचा वास तेवढा येत नाही आता."

"गेला एकदाचा!" मी म्हणालो.

"तू ऑफिसला गेलास की मी रोज इथे येऊन बसायचे. ह्यांच्याशी दोन शब्द बोलायचे. इथे मराठी दुसऱ्या कुणाशी बोलू?" असं म्हणून ती उतरली.

जुना काथ्या सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेला. अंगठा बरा होईल. उद्या मी ऑफिसला गेल्यावर आई कुठे जाऊन बसेल, याची मात्र मला काळजी लागली आहे.