तीनशे वर्षांचा वेल आणि आमची सावड

"थांबा! थांबवा त्यांना! नगरपालिकेच्या परवानगीशिवाय त्या वेलाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही!"

गाईडबाई इंग्रजीत अशा किंचाळल्या, की चौकातली कबुतरं उडाली ती थेट शेजारच्या देशात जाऊन बसली. सकाळपासून ज्या मिटलेल्या लाल छत्रीमागं आम्ही मेंढरांसारखे चालत होतो, ती छत्री आता तलवारीसारखी माझ्या काकांवर रोखलेली. काका मात्र एका दगडी कुंडीवर चढून, खाणावळीच्या भिंतीवरचा तीनशे वर्षांचा द्राक्षवेल निवांत साफ करत होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. निफाडकडचे वीस द्राक्ष बागायतदार युरोपात अभ्याससहलीला निघाले होते. मी नाशकात शिकवण्या घेणारा, बाग ना बांध. पण मला इंग्रजी येतं असा गावाचा गैरसमज, म्हणून दुभाष्या. वेलाच्या त्या परदेशी गावाचं नाव सांगत नाही. घ्यायला गेलं की जीभ तीन ठिकाणी मुडपते.

काका इमारती बघायला आलेच नव्हते. त्यांच्या वडिलांनी लावलेली अनाबेशाही द्राक्षांची जुनी बाग घरी उभी होती. माल दरवर्षी कमी व्हायचा. दोन्ही पोरं मागं लागली होती, "आबा, उपटू आणि नवी जात लावू." काकांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "तिकडं तीनशे वर्साचा वेल हाय म्हणत्यात. तो आजून गोड माल देतो का, बघून येतो. मग बोलू."

आणि बाई दाखवत होत्या चर्चं! सात चर्चं, चार वेशी, एक विहीर. दगडी फरशीवर चालून चालून माझी उंची दोन बोटं कमी झाली. पासपोर्टातला फोटोही बुटका दिसायला लागला.

"गोदाघाटावर जन्मभर दगडच बघितलेत," काका दर कोपऱ्यावर कुरकुरत. "बाईला म्हणावं, वेल कुठं हाय?"

एकदाचा वेल आला. बाईंनी दीड मिनिटात त्याचा इतिहास उरकला आणि छत्री उंचावून पुढं चालू लागल्या. काकांनी मान वर केली. मणी बाजरीएवढे झालेले, आणि पानापानाच्या बगलेतून फुकट्या फुटी मोकाट सुटलेल्या. घडाला ऊन नाही, वारा नाही. आमच्याकडं अशी बाग ठेवली तर पोराला सोयरीक येत नाही.

काकांची बोटं आपोआप चालायला लागली. खुट. खुट. आता बागेत एक माणूस कामाला लागला की दुसऱ्यानं खिशात हात घालून उभं राहायचं, हे आमच्या भागात कुणाला शिकवलेलंच नाही. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या रानात हात लावायला, आल्यासारखे बाकीचे एकोणीसही भिडले. कुणीतरी भिंत ओळीओळीनं वाटूनसुद्धा दिली. बाईंनी कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर मागं फक्त मी.

म्हणून ती किंचाळी.

"काय म्हणती रे बाई?" काकांनी कुंडीवरून विचारलं.

"हळू काढा म्हणतायत," मी सांगितलं. दुभाष्यालाही जीव प्यारा असतो.

"बरोबर हाय. ए, काडी सोलू नका रे, बाईचं ध्यान हाय!"

झालं! सगळे दुप्पट काळजीनं कामाला लागले. बाईंनी छत्री उघडली, मिटली, परत उघडली. मग माझ्या बाहीला धरून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माझा गाईडचा बिल्ला काढून घेतील हो."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. चाळीस हात जागच्या जागी थांबले. काका कुंडीवरून उतरले आणि बाईंपुढं हात जोडून उभे राहिले.

तेवढ्यात खाणावळीची म्हातारी मालकीण बाहेर आली. तिच्या दारात बगलफुटींचा ढीग पडला होता. माझ्या अंदाजानं चर्चच्या घंटेपर्यंत. तिनं एक फूट उचलली, वेलावरची जागा पाहिली, काकांचा हिरवा अंगठा पाहिला आणि बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. बाईंचे खांदे खाली आले.

"नगरपालिकेचा माणूस दोन वर्षांपासून नुसतं येतो येतो म्हणतोय, असं ती म्हणते. तक्रार करणार नाही," बाईंनी मला सांगितलं.

म्हातारीनं वेलाखाली बाकडी मांडून दिली. काका टेकले आणि मला म्हणाले, "विचार आता. गोड हाय का?"

मी बाईंना विचारलं, बाईंनी तिला. म्हातारी हसली. "खायला? छे! आंबटढाण. कुणी तोंडात धरत नाही."

काकांचा चेहरा उतरला. "मग ठेवलाय कशाला?"

"दुपारी इथं बसतात लोक," म्हातारी म्हणाली.

आम्ही तिथं तासभर बसलो. राहिलेली दोन चर्चं बाईंनी बसल्या जागेवरूनच, छत्रीनं दिशा दाखवून उरकली. बाजरीएवढ्या मण्यांतून ऊन काकांच्या टोपीवर पडत होतं, आणि ते मान वर करून राहिलेल्या फुटी नुसत्या मोजत होते. हात मात्र मांडीखाली दाबून धरलेले.

निफाडला घरी पोचलो तर दोन्ही पोरं ओट्यावर उभीच.

"आबा, मग? बोलवायचा का ट्रॅक्टर?"

काकांनी आधी एक बूट काढला, मग दुसरा.

"बोलवा. घराकडच्या दोन ओळी सोडून."