मार खाणारा रेडा

माझ्या आत्याने एका माणसाचा कान चावून तोडला, असं आमच्या गल्लीत सांगतात. सांगणारे शेवटी स्वतःचा कान चाचपून बघतात.

कान तोडला तो त्या माणसाच्याच यंत्राने. रोबोंच्या झुंजीत हा गृहस्थ जाळीला गाल लावून उभा. आत्या म्हणाली, मागे हो. तो म्हणाला, बायकांनी शिकवू नये. तेवढ्यात त्याच्याच करवतीचा दात मोडून जाळीतून उडाला आणि कानाची पाळी घेऊन गेला. आत्याने त्याच्या छातीवर बसून जखम दाबली, दातांनी रुमाल फाडून पट्टी बांधली. ओठांना रक्त लागलं ते तेव्हा. पण आपल्याच यंत्राने कापलं म्हणण्यापेक्षा बाईने चावलं म्हणणं त्याला सोयीचं पडलं. तेव्हापासून तो कानतुट्या आणि आत्या चावरी.

आत्या जळालेल्या मोटरी भरून देते, म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळते. बोलते नाकातून, आणि गिऱ्हाईक असो की भाची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कळलं का, दिवटे?' गल्लीतल्या पोरांना मी तिची हुबेहूब नक्कल करून दाखवते. मोटरीला मात्र तान्ह्या बाळासारखी थोपटते. दुकानाचं शटर ओढल्यावर रोज थोडा थोडा करून तिने रेडा घडवला: चार चाकांचा पोलादी डबा, पुढे दोन शिंगं. चालवते मी, रिमोटवर.

यंदा अंतिम झुंज कानतुट्याच्या करवतीशी. आमच्याकडे रिवाज असा की हरलेलं यंत्र जिंकणाऱ्याने तिथल्या तिथे घणाने फोडायचं. म्हणजे हरलो तर रेड्याचा चुरा, तोही कानतुट्याच्या हातून.

झुंजीआधी पंच दोघांसमोर टेबलावर प्रत्येक यंत्राच्या मोटरीचा करंट मोजतात. तारेभोवती क्लॅम्प मीटरचा चिमटा लावायचा आणि आकडा बघायचा. आमचा आकडा आत्याने बघितलाही नाही. करवतीचं पातं सुरू झालं तशी ती पुढे वाकली. आकडा ऐंशी अँपिअरच्या वर गेला आणि पातं वेग घेईपर्यंत तिथेच रेंगाळला. मग विसावर उतरला. पंचांनी वीस टिपला, कानतुट्या खूश.

आत्या माझ्या कानाशी आली. "मारू नकोस. मार खा."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग तिने समजावलं. फिरतं पातं थोडकंच खेचतं, पण अडकून थांबलं की पुन्हा मुळापासून उचलावं लागतं, आणि दर वेळी तेच ऐंशी. तो जितका मारेल तितकी त्याचीच मोटर भाजेल.

मी म्हणाले, तोवर रेड्याचं भंगार होईल. लाव पैज, रेडा स्वतःच्या चाकांवर रिंगणाबाहेर आला, तर पुढच्या झुंजींपर्यंत मी तुझी नक्कल करणं बंद. आत्याने टाळी दिली.

पहिल्याच फटक्यात उजवं शिंग उखडून जाळीत रुतलं. दुसऱ्यात छाती डब्याच्या झाकणासारखी उघडली, आतल्या तारा आतड्यांसारख्या लोंबायला लागल्या. मी रेडा वळवायला गेले तर आत्याने माझा दंड पिळला. तिसऱ्या फटक्यात एक चाक तुटून घरंगळत गेलं. कानतुट्या पलीकडून विचारत होता, चावरे, घण आणू का? पण दर फटक्याला पातं थांबत होतं, आणि उठताना त्याचं किंचाळणं लांबत चाललं होतं. पुढचा घाव बसला. पातं कण्हलं, अर्धा फेरा फिरलं, थबकलं. निळा धूर निघाला, मोटरीच्या तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास आला. आत्याने डोळे मिटून तो वास ओढून घेतला. "गेली," ती म्हणाली. "आता मार."

मी रेडा पूर्ण वेगात घातला. उरलेलं शिंग करवतीच्या पोटात घुसलं, बॅटरी फुटली, भिंतीपर्यंत आग.

आग विझल्यावर आत्याने घण उचलला. पत्रे उडत होते, कानतुट्याने खाली बसून उरलेला कान झाकून घेतला. मोटरीवर मात्र घण पडला नाही. ती तिने उपटून काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

"दुकानात घेऊन ये, भरून देते. आणि मागे हो म्हटलं की मागे व्हायचं. कळलं का, दिवट्या?"

रेडा खुरडत, पोट घासत, तीन चाकांवर बाहेर आला. तीन चाकं धरायची नाहीत, असा मी वाद घातला. आत्याच्या हातात घण अजून होता. मी पैज हरले.

आता गल्लीतली पोरं रोज मागे लागतात, आत्या करून दाखव. मी ओठ घट्ट मिटून पुढे निघून जाते, आणि त्यांना वाटतं, हिलाही चावली.