जातीचा रकाना

कुत्रा कितीही गुरगुरत असला तरी डॉक्टर आधी जमिनीवर बसायचे. त्याला उचलून टेबलावर घ्यायचं नाही, पट्टा ओढायचा नाही. मूठ मिटून हाताची मागची बाजू पुढे धरायची आणि स्वतः भलतीकडेच, बहुधा खोली तापवणाऱ्या रेडिएटरकडे, बघत राहायचं. मालकाची चुळबुळ सुरू झाली की म्हणायचे, "आधी तो मला तपासतो, मग मी त्याला." मालक हसायचा. डॉक्टर हसायचे नाहीत.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका आडरस्त्यावर, कपडे धुवायचं लॉन्ड्रेट आणि चिप शॉप यांच्यामध्ये त्यांचा जनावरांचा दवाखाना होता. तिथं मी बारा वर्षं रिसेप्शनवर बसले. मला टायपिंग येत होतं आणि कुत्र्यांची भीती वाटत होती. दुसरी गोष्ट मी मुलाखतीत कबूल केली, तर म्हणाले, "भीती असलेली बरी, ताई. न भिणारेच चावून घेतात."

डॉक्टर मूळ नागपूरचे. इथं आले तेव्हा तिकडची पदवी चालेना, म्हणून सात वर्षं कत्तलखान्यात मांस तपासून शिक्के मारत होते. परीक्षा देऊन दवाखाना काढला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. वेटिंग रूममध्ये जंतांच्या औषधाच्या पोस्टरशेजारी त्यांनी बाबासाहेबांची तसबीर लावली होती. पेशंटचे मालक विचारायचे, "तुमचे वडील का?" डॉक्टर चष्मा पुसत म्हणायचे, "हो. तसंच समजा."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "डॉक्टर, कार्डावर कुत्र्याची जात काय लिहू?"

त्यांनी मान वर केली. रागावले नव्हते. "ब्रीड म्हणा ताई, ब्रीड," एवढंच म्हणाले.

मी पुण्याची. आमच्याकडे आंब्याची जात, तांदळाची जात, माणसाची जात, सगळं एका दमात बोललं जायचं. ते का थांबले हे कळायला मला घरी जाऊन स्वयंपाक करेपर्यंतचा वेळ लागला.

त्या रकान्याशी त्यांचं कधी जमलंच नाही. कधी कोरा सोडायचे, कधी नुसतं 'कुत्रा' लिहायचे. एक पूडलवाल्या बाई कार्ड बघून संतापल्या होत्या. चार पिढ्यांचे कागद होते त्यांच्याकडे. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तो कुत्रा नाही का?" नंतर इन्शुरन्सवाल्यांना फोन करून सारवासारव मी करायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक माणूस तांबूस रंगाची कुत्री घेऊन आला. प्लास्टरिंगचं काम करायचा. बुटांवर पांढरे शिंतोडे. कुत्रीचा जबडा आणि पुढचे दोन्ही पाय फाटले होते. "काटेरी तारेत अडकली," म्हणाला. त्या वर्षात काटेरी तारेत अडकलेली ती तिसरी. डॉक्टरांनी दोन तास टाके घातले, एकही प्रश्न विचारला नाही. तो गेल्यावर हात धुता धुता म्हणाले, "तारेला दात नसतात." मग त्यांनी पोलिसांना फोन केला.

कुठल्याशा बंद पडलेल्या गॅरेजात कुत्र्यांच्या झुंजी लावायचे. धाड पडली, खटला चालला, डॉक्टरांनी साक्ष दिली. प्लास्टरवाल्याला चार महिने तुरुंग आणि दहा वर्षं कुत्रा पाळायला बंदी.

"चार महिने?" डॉक्टर कोर्टातून आले ते कोटही न काढता उभेच राहिले. "एवढंच? जखमा भरायलाच दोन महिने लागले तिच्या!"

"दहा वर्षं द्यायला हवी होती," मी म्हणाले.

"तर काय! टाइप करा."

खासदारांना तीन पानी पत्र लिहिलं त्यांनी. या लोकांना जरब बसेल असा कायदा हवा, दयामाया नको. मी ते मनापासून टाइप केलं. त्या आठवड्यात कुणीतरी दवाखान्याच्या कुलपात गोंद ओतला आणि काही माणसं यायची बंद झाली. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या. आपलं बरोबर आहे."

कुत्री कोर्टानं त्या माणसाकडून काढून घेतली होती. तिला कोण घेणार? डॉक्टरांनी मागच्या खोलीत ठेवली. सहा आठवडे ती भिंतीकडे तोंड करून बसायची. एके दिवशी मॉरीन आपल्या मांजराची गोळी न्यायला आली. मॉरीन जवळच्या शाळेत डिनर लेडी होती, मुलांना जेवण वाढायची. नवरा वारला होता, कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. तिच्या एप्रनला ग्रेव्हीचा वास येत होता. कुत्री भिंत सोडून उठली आणि तिच्या पायाशी येऊन पडली.

"ही कुठल्या ब्रीडची?" मॉरीननं विचारलं. "आमच्या फ्लॅटमध्ये ते लढाऊ पिट बुल चालत नाहीत. शेजारी कटकट करतील."

डॉक्टरांनी कार्ड ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो रकाना ठसठशीत अक्षरांत भरला : क्रॉसब्रीड.

ती पिट बुल होती हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मॉरीननं तिचं नाव जिंजर ठेवलं. पुढची दोन-तीन वर्षं जिंजर दर ख्रिसमसला मानेला रिबन बांधून यायची आणि माझ्या टेबलाखाली घोरत पडायची. माझी भीती गेली ती तिच्यामुळे.

मग तो कायदा आला. लहान मुलांना कुत्र्यांनी फाडल्याच्या बातम्या येत होत्या, फोटो बघवत नव्हते, आणि सरकारनं घाईघाईनं कायदा केला. झुंजीसाठी पैदास केलेले कुत्रे ठरावीक मुदतीत नोंदवायचे, त्यांना मुसकं घालायचं. मुदतीनंतर बिननोंदणीचा सापडला तर मारून टाकायचा. तो कुणाला चावला की नाही, हा प्रश्नच नाही. तो त्या प्रकारचा नाही हे सिद्ध करायचं काम मालकाचं.

डॉक्टरांनी पेपर दुमडून ठेवला. "कडक मागितला होता. कडक मिळाला," म्हणाले. त्या वेळी मला त्यात समाधान ऐकू आलं होतं. आता खात्री नाही.

मुदत संपत आली तेव्हा मॉरीननं फोन करून विचारलं, "जिंजरला नोंदवायला हवं का?" फोन मी घेतला होता. मी डॉक्टरांना विचारलं.  "क्रॉसब्रीड लिहिलंय ना कार्डावर? मग नको," म्हणाले. मी तसं सांगितलं. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आहे, म्हणून इथं लिहिते.

दोन वर्षांनी पार्कमध्ये एका पोलिसाला जिंजर दिसली. चेंडू तोंडात धरून बसली होती. दुपारी व्हॅन येऊन तिला घेऊन गेली. कुठल्या केनेलमध्ये ठेवलं ते मालकाला सांगायचं नाही, भेटू द्यायचं नाही, असा नियम. मॉरीन रोज कामावरून सुटली की दवाखान्यात येऊन बसायची. मांजर केव्हाच मेलं होतं. तिला दुसरीकडे कुठं जावं कळायचं नाही, एवढंच. असे चौदा महिने गेले.

कोर्टात मी गेले होते. शिपायानं डॉक्टरांचा चेहरा बघून शपथेसाठी गीता काढली. डॉक्टर म्हणाले, "थँक यू, पण माझं पुस्तक ते नाही. मी नुसतं वचन देतो." शिपाई गोंधळला, गीता परत ठेवताना त्याच्या हातातून पडली आणि डॉक्टरांनीच वाकून उचलून दिली.

पोलिसांच्या तज्ज्ञानं टेप लावून सगळं मोजून ठेवलं होतं : डोकं, छाती, शेपटी. मॉरीनचा वकील तरुण होता, त्यानं आमचं कार्ड उंच धरलं. "हे अक्षर तुमचं? इथं क्रॉसब्रीड लिहिलंय?"

"हो."

आता "आणि ते खरं आहे" एवढं म्हणायचं होतं. तीन मॅजिस्ट्रेट वाट बघत होते. मधल्या बाईंची तर, मला वाटतं, तीच इच्छा होती.

"ते मी तिला घर मिळावं म्हणून लिहिलं," डॉक्टर म्हणाले. "टेपवर जे आलंय ते बरोबर आहे. ती पिट बुल आहे. पण तिनं कुणालाही इजा केलेली नाही. नोंदवू नका हा सल्लाही माझा. चूक माझी आहे. शिक्षा मला करा."

मधल्या बाईंनी चष्मा काढला. "डॉक्टर, कायद्यानं आम्हाला तो मार्ग ठेवलेला नाही," म्हणाल्या. मॉरीन बाकावरून उठली, आमच्या दोघांच्या अंगावरून गेली आणि थांबली नाही.

ट्रेनमध्ये मी डॉक्टरांवर खूप चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते.

"अहो, एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? एकदा लिहिलं होतंच की!"

"लिहिलं म्हणूनच तर हे झालं ना, ताई. तेव्हा खरं लिहिलं असतं तर नोंद झाली असती. जगली असती ती." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि वचन दिलं होतं. त्या प्लास्टरवाल्याच्या खटल्यात वचन देऊन खरं बोललो तेव्हा छाती फुगली होती माझी. इथं नको वाटतंय म्हणून गिळू?"

"पण ही कसली शिक्षा? तिनं केलं काय?"

"जन्माला आली." ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नुसती घरांची मागची अंगणं जात होती. "आज मी कोर्टात उभं राहून तिची जात सांगितली, ताई. माझ्या बापाला समजलं तर काय म्हणेल?"

नऊ वर्षांत 'जात' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.  

जिंजरला शेवटचं इंजेक्शन मी देईन, अशी विनंती त्यांनी पोलिसांना केली. परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं : "ओळखलं तिनं मला." मग आतून हाक मारली, "चला, पुढचा कोण?" सशाची नखं कापायची होती.

त्यानंतर ते थकले. काम चुकवलं नाही, पण दोन पेशंटच्या मध्ये खुर्चीत बसू लागले. आधी कधी बसायचे नाहीत. खासदारांना दुसरं पत्र लिहिलं, एक पानाचं. मागचं पत्र मी परत घेतो, शिक्षा देणाऱ्याला विचार करायला जागा ठेवा, इतकंच. उत्तर आलं ते पहिल्या पत्राच्या उत्तरासारखंच होतं, शब्दन्‌शब्द.

एकदा तो प्लास्टरवाला आला. आईचं मांजर घेऊन. मला दरवाजा लावून घ्यावासा वाटला, पण डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. मांजराचा कान साफ करताना त्यानं विचारलं, "डॉक, ती माझी कुत्री? बरी आहे ना?"

डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तो माणूस उभ्या उभ्या टेबलाला धरून राहिला. "मला चार महिने मिळाले फक्त," म्हणाला. "आणि तिला?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "मांजराला हे थेंब दिवसातून दोनदा."

तो गेल्यावर मी म्हणाले, "नक्राश्रू."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याला जास्त दिवस आत ठेवलं असतं तर तिला काय फरक पडला असता? मी पुष्कळ हिशेब करून बघितला. जमत नाही." आणि तपासणीचं टेबल पुसत राहिले.

पुढे दवाखाना विकून ते हॅरोला मुलीकडे राहायला गेले. कायदा बदलला तो त्यानंतर. आता कुत्रा निरुपद्रवी असेल तर मारायचा की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवू शकणार होते. मी बातमी वाचून फोन केला. त्यांनी आधी टीव्ही बंद केला.

"मॉरीनला कळलंय का?" त्यांनी विचारलं.

"कशाला आता? उगाच जखम उघडायची."

"तिला माझ्याकडून कळलं पाहिजे. तुम्ही याल का बरोबर? घर मला नीट आठवत नाही."

दोन ट्रेन बदलून ते एकटे आले. पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. संधिवातानं त्यांची बोटं आखडली होती, तिकीट खिशातून निघेना. मॉरीनच्या फ्लॅटपर्यंत तीन जिने. प्रत्येक जिन्यावर थांबले आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "काय बोलायचं ते ठरवतोय."

मॉरीननं दार उघडलं. केस पांढरे झाले होते. ती आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिली.

"मॉरीन," डॉक्टर म्हणाले, "तो कायदा बदलला. आज असतं तर कदाचित..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मंगळवारच्या पेपरात होतं. तेव्हापासून बघतेय, तुम्ही येता का."

 मग ती दारातून बाजूला झाली. "आत या. बूट तेवढे काढा, कार्पेट नवीन आहे."

डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसले. लेस सोडवायला वाकले, पण बोटं वळेनात. गाठ हाताला लागायची आणि निसटायची. मी पुढे होणार तेवढ्यात मॉरीन गुडघ्यावर बसली. त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि एक एक करून गाठी सोडवू लागली, शाळेत लहान पोरांच्या सोडवत असेल तशी. डॉक्टर रडत होते. तिनं वर बघितलं नाही.

मी तिथूनच परतले. डॉक्टर त्या हिवाळ्यात गेले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं : पायरीवर बसलेले, एका पायात बूट, आणि दुसरा मॉरीनच्या हातात.