ढवळल्याशिवाय सॅम्पल नाही

कुठल्या गोष्टीत किती पाणी आहे हे तोंडाला न लावता सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. दुधातलं पाणी त्यांना कळायचंच, तो त्यांचा धंदा होता. राहात्यापासून दहा किलोमीटरवरच्या आपल्या गावात त्यांनी दूध संकलन केंद्रावर बत्तीस वर्षं दूध तपासलं. पण पुढाऱ्याच्या भाषणातलं, पाहुण्यांच्या आग्रहातलं आणि मी शाळेतून आणलेल्या प्रगतिपुस्तकातलं पाणीही ते तितक्याच सहजपणे ओळखत. बंडीच्या आतल्या खिशात, रुमालात गुंडाळलेला काचेचा लॅक्टोमीटर कायम असे. दुधात सोडला की तो तरंगतो, आणि पातळ दुधात खोल जातो. त्यावरचा आकडा म्हणजे दुधाची डिग्री. बाकीचे लोक त्या खिशात देवाचा फोटो ठेवतात. मामांना फोटोची गरज वाटली नाही.

मामांच्या आयुष्याला एकच नियम होता: ढवळल्याशिवाय सॅम्पल घ्यायचं नाही. कॅन आला की लांब दांडीच्या पळ्याने ते तळापासून दूध ढवळत आणि मगच नमुना काढत. साय वर असते, वरवरचं दूध घेतलं की तपासणारा फसतो आणि तळाचं घेतलं की घालणारा बुडतो, हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत आणि जुन्या माणसाला रोज. हा नियम त्यांनी दुधापुरता ठेवला असता तर नातेवाईक सुखी झाले असते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सगळे मुलीच्या घरी पोहे खात बसले होते आणि मामांचा पत्ता नव्हता. ते त्या गावच्या पिठाच्या गिरणीत, दळणाला आलेल्यांशी गप्पा मारत बसले होते. तासाभराने खांद्यावर पीठ घेऊन आले आणि सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाले, "करून टाका. ढवळून आलोय मी, खालवर सारखंच हाय." माझी बायको हा किस्सा अजून अभिमानाने सांगते आणि शेवटी न चुकता विचारते, की तुमच्याकडचं सॅम्पल मात्र आमच्या बाजूने कुणी घेतलं होतं?

नियमाला घरच्यांची सूट नव्हती. एका सकाळी मामीने स्वतः कॅन आणून ठेवला. रांगेत अर्धं गाव उभं होतं. मामांनी दूध ढवळलं, मीटर सोडला, आकडा पाहिला, आणि दुसऱ्या कुणाचं असावं तसं शांतपणे म्हणाले, "परत न्या. पानी हाय." खरं तर मामीने कॅन विसळला होता आणि तळाशी तांब्याभर पाणी तसंच राहिलं होतं. पण ते सांगायला तिथे उभं कोण राहणार? मामी कॅन उचलून निघून गेली. पुढे आठ दिवस तिने मामांना जेवायला वाढलं, पण त्यांच्याशी बोलली नाही. मामा मात्र गावभर सांगत होते, "तिचं दूध घेतलं असतं, तर उद्या कुनाचं परत पाठवनार?" गावाला ते पटलं. मामीला पटलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. मामांनीही नाही.

त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, शिकून न्यूझीलंडला गेला आणि तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात लागला. दुधाची पावडर करायची ही कल्पनाच मामांना अवघड गेली. ढवळणार काय आणि मीटर सोडणार कशात? मुलाचं लग्न झालं, नात झाली, ती शाळेत जायला लागली, आणि आईवडिलांनी आता तिकडेच यावं म्हणून त्याने कायम राहण्याचा अर्ज केला. मामी हरखली. मामा म्हणाले, "सुट्टीवर येनारी समदी सायच सांगत्यात. तिकडचं स्वच्छ, तिकडचं लई भारी. आन आपन हितं काय बघतो? तळ. आसं माप निघतं व्हय?" शेवटी असं ठरलं की अर्जाचं उत्तर येईपर्यंत सहा महिने दोघांनी तिकडे जाऊन राहायचं. मामी याला नातीकडे जाणं म्हणत होती आणि मामा सॅम्पल.

परक्या देशाशी मामांची पहिली भेट विमानतळावरच झाली. तो देश बाहेरची माती आत येऊ देत नाही, गुरांचे रोग येतात म्हणून. मुलाने फोनवर दहादा बजावलं होतं, "शेतात गेला होता का विचारतील. उगाच पाल्हाळ लावू नका, नाही म्हणा आणि पुढे या." तिथे हिंदी बोलणारी एक अधिकारी बाई होती. तिने विचारलं. मामा म्हणाले, "रोज जाता हूँ." गोठ्यात? "वो तो सुबे-शाम." मामीने कपाळाला हात लावला. बाईने हातमोजे घातले, मामांच्या कातडी चपला उचलून आत नेल्या आणि मामा अनवाणी बाकावर बसून राहिले. वीस मिनिटांनी चपला आल्या त्या घासूनपुसून, तळव्याच्या खाचेतली माती टाचणीने काढावी तशी काढलेल्या. कुणीही रागावला असता. मामांनी मला त्याच दिवशी फोन केला आणि आवाज आनंदाने भरला होता. "भाच्या, हितं तपासत्यात रे! वळखपाळख न्हाई, कुनाचा मुलायजा न्हाई. माझ्यासारकी मानसं हाईत ही!" मग थोडं थांबून म्हणाले, "गावची चिमूटभर मातीबी घेतली न्हाई मातर आत."

पहिला महिनाभर त्यांच्या फोनला उधाण आलं होतं. घरी पोचल्यावर त्यांनी फ्रिजमधली दुधाची बाटली काढून मीटर सोडला तर डिग्री तेहतीस! बत्तीस वर्षांत गावातल्या कुठल्या गाईने त्यांना तेहतीस दाखवली नव्हती. मग काय, त्या देशाचं सगळंच तेहतीस झालं. रस्ता ओलांडायला गाड्या थांबतात, तेहतीस. अनोळखी माणूस सकाळी हसतो, तेहतीस. मुलगा जेवल्यावर स्वतःचं ताट धुतो, तेहतीस. मी मनातून थोडा खट्टू झालो. माणसाने परदेशाचं कौतुक जरूर करावं, पण आपल्या तालुक्याला इतक्या लवकर नापास करू नये, असं मला वाटत होतं.

एके दिवशी फोन आला तो पडेल आवाजात. "चुकलं रे माझं. दूध गार हुतं." मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. गार दुधात मीटर वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. गावात दूध येतं ते धारेचं, कोमट. त्याच्यात हा प्रश्न नाही. फ्रिजमधल्या दुधात तसाच मीटर सोडायचा नसतो, हे त्यांनी स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं, आणि तिथे जाऊन आनंदाच्या भरात तेच विसरले. त्या दिवशी दूध कोमट करून पाहिलं तर एकोणतीस. चांगलं दूध, पण आपल्याकडेही लागतं असं. "मीटर आपल्या उन्हातला," ते म्हणाले, "आन दूध ह्यांच्या गारठ्यातलं. मी आकडा वाचीत बसलो." मामांनी आपली चूक कबूल केल्याचा हा एकमेव प्रसंग.

त्यानंतर त्यांनी ढवळायला घेतलं. शेजारी एक गोरा म्हातारा एकटा राहत होता, आधी गाई पाळणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून ते तासतासभर बोलत. गाईंबद्दलच असावं, कारण नातीने काढून पाठवलेल्या फोटोत मामा दोन्ही हातांनी कासेचा आकार दाखवत होते. त्या म्हाताऱ्याची दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात, हे नातीने विचारून सांगितलं. दिवाळीसारखा त्यांचा नाताळ असतो, त्याला एक जण येतो, कधी तोही नाही. मामा मला म्हणाले, "हितली पोरं आनखी पुढं गेली. म्हंजी पानी ह्यांच्यातबी हाय. पन म्हातारा तक्रार करीत न्हाई. हसतो आन गवत कापतो." आणि मग हळूच, "हितं कुनी न सांगता घरात येत न्हाई रे. दार वाजलं की मला वाटतं कुनीतरी आलं. पार्सल आस्तंय."

सहा महिन्यांनी दोघं परत आले आणि पाठोपाठ अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. दोन महिन्यांत होय की नाही कळवायचं होतं. अर्ध्या गावाचं दूध सकाळच्या दीड तासात पास-नापास करणारा हा माणूस त्या एका कागदासमोर सात आठवडे बसून राहिला. आता गावाचं सॅम्पल घेतो म्हणाले. केंद्रावर गेले तर तिथे मशीन आलं होतं. नळी बुडवायची की आकडे पडद्यावर. ढवळायचा पळा कोपऱ्यात उभा होता, दांडीला जाळं धरलेलं. आळीतल्या पाच घरांत दोघं-दोघंच म्हातारी उरली होती, मुलं कुणी पुण्यात, कुणी दुबईत. पारावर लोकांनी तोंडभरून स्वागत केलं, तिकडचं विचारलं आणि मग आपापल्या मोबाईलकडे वळले. मामा संध्याकाळी राहात्याला माझ्याकडे येत, चहा पीत आणि एकच वाक्य बोलत, "हितंबी खालवर सारखं ऱ्हायलं न्हाई." मी कधी राहा म्हणालो, कधी जा म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते जायला नको होते. कारण काढून येणारी माणसं बरीच असतात माझ्याकडे. कारण नसताना येणारे तेवढे एकच होते.

शेवटच्या आठवड्यात मी गावी गेलो. ओट्यावर मामा कागद मांडीवर घेऊन बसले होते. मामी शेंगा फोडत होती. मामांनी पुन्हा तेच सुरू केलं, तिकडचं अमुक, इकडचं तमुक. मामीने शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"बत्तीस वर्सं गावाचं दूध ढवळलं तुमी," ती म्हणाली. "गोऱ्या म्हाताऱ्याचंबी ढवळून आला. मला कुनी इचारलं का?"

मामांनी मांडीवरचा कागद बाजूला ठेवला.

"मला नातीजवळ जायचंय. लेकाच्या घरात दोन वर्सं का हुईना, मला सैपाक करायचाय. माझ्याजवळ एवढंच हाय. मागं भरल्या रांगेत माझं दूध परत पाठवलं हुतं. ह्या येळंला नका पाठवू."

इतक्या वर्षांचा तो कॅन तिने असा ओट्यावर आणून ठेवला. मामांनी कागद पुन्हा मांडीवर घेतला. मग मला म्हणाले, "भाच्या, पेन हाय का रं?"

जाण्याच्या दिवशी घराला कुलूप लावून दोघं सकाळीच माझ्याकडे आले. विमानतळाला नेणारी गाडी दुपारी येणार होती. मामांनी अंगणातल्या नळापाशी पाट मांडला, बायकोकडून जुना ब्रश मागून घेतला आणि चपला धुवायला बसले. मी म्हणालो, "मामा, द्या, मी धुतो." "नगं," ते म्हणाले. "तिकडं जाऊन त्या बाईनं काढन्यापरीस आपली आपन काढल्याली बरी." तळव्याची एकेक खाच त्यांनी काडीने साफ केली. गावातून आलेली ती काळी माती खाली ठेवलेल्या थाळ्यात जमा होत होती. धुऊन झाल्यावर त्यांनी ते गढूळ पाणी फेकलं नाही. कुंडीतल्या कढीपत्त्याच्या बुडाशी हळूहळू ओतलं, थाळा दोनदा विसळून तेही ओतलं. मग बंडीतला मीटर काढून माझ्या हातात दिला. "ह्यो हितल्या उन्हाचा हाय. तिकडं चुकीचंच सांगत ऱ्हाईल." तोवर गाडी आली होती आणि मामी तीत बसून नातीसाठी घेतलेले पेरू पिशवीतून काढून माझ्या बायकोला देत होती, तेही तिकडे आत घेत नाहीत म्हणून.

आता दर रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मामी नातीला थालीपीठ शिकवते. मामा कुंपणापाशी जातात, नातीकडून थोडं इंग्रजी शिकतात, आणि पार्सल आलं की ते देणाऱ्या माणसाला थांबवून पाणी विचारतात, असं मामी हसत सांगते. मला मात्र ते दर वेळी एकच गोष्ट विचारतात. "कढीपत्ता कसा हाय?"

या उन्हाळ्यात आम्ही लग्नाला म्हणून बाहेरगावी गेलो आणि दहा दिवस अडकलो. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगायचं राहून गेलं. परत आलो तर कुंडीत नुसती काडी उभी होती. मी भरपूर पाणी घातलं, सावलीत ठेवली, काही उपयोग झाला नाही. रविवारी फोन आला. मी अंगणातच उभा होतो, कुंडी माझ्या पाठीमागे दोन हातांवर. "कढीपत्ता कसा हाय?" मामांनी विचारलं.

"चांगला फुटलाय, मामा," मी म्हणालो. "नवी पालवी आलीय."

पडद्यावर मामा माझ्याकडे बघत राहिले. गिरणीत बसून माझी सासुरवाडी ओळखणारे, फोनवरच्या खोकल्यावरून माझा ताप सांगणारे माझे मामा. फोन मागे फिरव आणि दाखव, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. मी वाट पाहत होतो.

"बरं झालं," ते म्हणाले. "पानी घालीत जा."

बत्तीस वर्षं कुणाचं पाणी घातलेलं दूध त्यांनी पास केलं नव्हतं. माझं केलं.