इंजिनावर पणाला लावलेली बायको

माझ्या नवऱ्याने माझ्या तलाकची पहिली शपथ घेतली ती एका माशापायी. मासेवाला म्हणत होता ताजा आहे, हा म्हणत होता शिळा आहे, आणि चारचौघांत बोलून मोकळा झाला, "हा मासा आजचा निघाला तर माझ्या बायकोला तलाक." मी घरी तांदूळ निवडत होते. माझा संसार तिकडे माशाच्या कल्ल्यात अडकलाय, याचा मला पत्ताही नाही. शेजारणी सांगायला आल्या तेव्हा त्यातली एक हसत होती. मला काही हसू आलं नाही.

नदीकाठच्या आमच्या मीत घम्र गावात बाप्ये असंच बोलतात. पाहुणा उठायला लागला की, "जेवल्याशिवाय गेलास तर बायकोला तलाक." पाहुणा बिचारा परत टेकतो. आणि जिचा तलाक व्हायचाय ती मी, शेगडीपाशी उभी राहून त्याच्यासाठी कोबीच्या पानांत भात भरते. मासा ताजा निघाला तेव्हा मशिदीतल्या शेख अब्दुल मुअतींनी सांगितलं, मनात नसताना तोंडातून गेलेलं आहे, हा तलाक नव्हे. पण शपथ मोडली, तर दहा गरिबांना जेवू घाल. प्रायश्चित्त त्याचं, स्वयंपाक माझा. असं दोनदा झालं.

उस्ता महरूस म्हणजे माझा नवरा. उस्ता हा मान कारागिराला सगळे देतात, पण याचा मान खरा आहे, ते मीही नाकारत नाही. खाली दुकान, वर घर. दुकानात एक जुनं लेथ मशीन. मोडका दाता, झिजलेला एक्सल, बाजारात कुठेच न मिळणारा भाग घेऊन लोक येतात आणि हा तो लोखंडाच्या गोळ्यातून काढून देतो. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. हात उचलत नाही, कुणाचं बुडवत नाही, आमच्या लेकीला, शहीराला, खांद्यावर घेऊन जत्रा दाखवतो. फक्त जिभेला हाड नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याला एक वेड होतं. पांढरी एकशेअठ्ठावीस, म्हणजे त्या नंबरच्या मॉडेलची छोटी मोटार. आमच्या देशात अर्ध्या घरांनी कधी ना कधी ही गाडी वापरली असेल. याने नुसता सांगाडा आणला आणि दुकानासमोर विटांवर ठेवला. कधी कुठून दार आणायचा, कधी खिडकीची काच. मांजरींची तीन बाळंतपणं झाली त्या गाडीत. मग एक दिवस हातगाडीवर इंजिन आलं, अपघातात चेपलेल्या एका टेम्प्रा मोटारीचं. त्या गाडीच्या मूळ इंजिनापेक्षा दुप्पट ताकदीचं, आणि अंगानेही तसंच.

मी म्हटलं, "उस्ता, नाकापेक्षा मोती जड होतोय."

"बाई, नाक मी नवीन घडवीन," तो म्हणाला. डोळे असे चमकत होते की मला माझ्या लग्नातला तो आठवला. तेव्हा मला राग नव्हता. राग पुढे आला.

समोरच्या गॅरेजचा झगलूल हा याचा जन्माचा मित्र आणि जन्माचा वैरी. दिवसभर खुर्ची टाकून चहाचा ग्लास हातात, आणि तोंडात दुसऱ्याच्या कामावर शेरे. रविवारी महरूसने इंजिन चेनपुलीला टांगून गाडीत उतरवायला घेतलं. मी गच्चीत त्याचेच सदरे वाळत घालत होते. इंजिन अर्धं गेलं आणि अडलं. खालचं तेलाचं चेंबर आडव्या दांडीवर बसलं, बाजूची पुली चासीला चिकटली.

झगलूल खुर्चीवरूनच म्हणाला, "उस्ता, नवरदेव दारात मावत नाही. दार पाड. चासी काप थोडी."

"चासी कापतो तो खाटीक. मी कारागीर आहे."

"मग कधी बसवतोस? कयामतच्या दिवशी?"

आजूबाजूचे हसले. तेवढं हसणं पुरलं त्याला. हात वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, "या शुक्रवारी. दुपारच्या अजानच्या आधी. चासीला करवत न लावता हे इंजिन बसलं नाही आणि चालू झालं नाही, तर माझ्या बायकोला तलाक. तीनदा तलाक."

हसणं बंद झालं. झगलूलचा ग्लास तोंडापर्यंत जाऊन थांबला. "अरे, मागे घे," तो हळूच म्हणाला, "मी थट्टा करत होतो."

"महरूस बोललेलं मागे घेत नसतो."

माझ्या हातात पिळलेला ओला सदरा होता. तो मी वरून त्याच्या डोक्यात हाणला. नेम बरोबर लागला, पण समाधान झालं नाही.

वर आला तो हसत. म्हणाला, "अगं, बसणार आहे इंजिन. मला माहीत आहे ना. म्हणून तर बोललो."

"आणि नाही बसलं तर?"

"माझ्या मनात तसलं काही नव्हतं, इन्शिराह. देवाशप्पथ."

"तेच तर म्हणतेय मी. तुझ्या मनात काही नसतंच. मी तर नसतेच नसते."

मी तडक शेखसाहेबांकडे गेले. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, दोनदा मी सोडलं. आता तो तीनदा म्हणालाय, आणि भर गल्लीत म्हणालाय. त्याला माझ्यासमोर बसवून विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. सध्या दुआ कर की इंजिन चालू होवो." इकडे गल्लीला कुठे शेखसाहेबांची वाट बघायची होती? बायकांनी आपापले निकाल देऊन टाकले होते. कुणी म्हणे पडला तलाक, कुणी म्हणे शुक्रवारी पडेल. पावाच्या रांगेत मला विचारायच्या, "कसं आहे गं इंजिन?" जसं घरात कुणी आजारी आहे.

मी महरूसचं अंथरूण खाली दुकानात टाकून दिलं. म्हटलं, तुझं इंजिन बोलेपर्यंत जिना चढायचा नाही. त्याने ते लेथशेजारी अंथरलं.

पण काम केलं पठ्ठ्याने. राग बाजूला ठेवून सांगायचं तर बघण्यासारखं केलं. तेलाचं चेंबर खालून कापून उथळ केलं आणि तेवढीच जागा कडेने वाढवून दिली, म्हणजे तेल कमी पडायला नको. पुली लेथवर घासून पातळ केली. इंजिन जरासं मागे कलतं बसवलं आणि त्यासाठी इंजिन ज्यांवर टेकतं ती दोन्ही बाजूंची फाउंडेशनं नवी केली, पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग मारून. एक एक्सल आखूड करून पुन्हा दाते पाडले. झगलूलही चहा सोडून मदतीला आला होता. लाजला होता मेला. माझ्याकडे बघायचंही टाळायचा.

गुरुवारी सकाळी खालून एक कडक आवाज आला आणि मागून सगळं शांत. मी गच्चीत गेले. महरूस डोक्याला हात लावून जमिनीवर बसला होता. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड ॲल्युमिनियमची प्लेट लागत होती. ती त्याने ओतून आणली होती. बोल्ट आवळता आवळता ती मधोमध चिरली.

मी खाली गेले. तुटलेली कड हातात घेऊन बघितली. माझे वडील आयुष्यभर ओतभट्टीवर होते, आता भाऊ वग्दी तीच भट्टी चालवतो. ॲल्युमिनियम मी लहानपणापासून बघितलंय.

"हे पातेल्यांचं भंगार आहे," मी म्हटलं. "कुठून ओतलंस?"

"पुलापलीकडे."

"वग्दीची भट्टी दोन गल्ल्या सोडून आहे."

त्याने मान वर केली नाही. "वग्दीला कुठल्या तोंडाने भेटू? त्याच्या बहिणीवर शपथ घेतली मी."

ऐका. तलाक बोलताना लाज नाही वाटली. मेव्हण्याला भेटायची वाटली. आणि त्या लाजेपायी पातेली वितळवून इंजिनाला जोडायला निघाला होता हा कारागीर. मी तिथे थांबले असते तर पाना फेकून मारला असता. प्लेटचा लाकडी साचा उचलला आणि भट्टीवर गेले.

वग्दीने साचा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हात बांधून उभा राहिला. "मोडू दे ताई. मी ओतणार नाही. सुटशील तू. तू आणि शहीरा मला काय जड आहात?"

"वग्दी, मला जायचं असेल तर मी माझ्या पायांनी जाईन. एक प्लेट चिरली म्हणून मी घटस्फोटित होणार नाही. उद्या लोक शहीराला विचारतील, तुझ्या आईबापाचं कशावरून मोडलं? तिने काय सांगायचं, गिअरबॉक्सवरून?"

त्याने साचा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "पिस्टन लागतील. जुने."

"मला माहीत आहे."

भंगाराच्या ढिगातून मी पिस्टन निवडले. पातेल्यांच्या धातूत जोर नसतो, पिस्टनचा धातू धक्का खाल्लेला असतो. एकेकाच्या लोखंडी कड्या आणि खिळे हातोडीने पाडले. वग्दीने साचा वाळूत दाबला, मी शेजारी उभी राहिले. चाळिशीला आलेली बाई, घाम डोळ्यांत जातोय, हात काळे, आणि कशासाठी, तर आपल्या नवऱ्याची बढाई खरी व्हावी म्हणून. रडू आलं मला, रागाचं. वग्दीने बघितलं आणि नाही बघितल्यासारखं केलं.

प्लेट थंड झाल्यावर मी ती महरूसच्या पुढ्यात ठेवली. त्याने बोटाने वाजवून बघितली. "इन्शिराह, तुझे उपकार..."

"काम कर," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळपासून गल्ली भरली. गच्च्यांवर बायका, खाली बाप्ये अंघोळी करून, नमाजाचे स्वच्छ कपडे घालून, मशिदीत जायच्या आधी आमचा तमाशा बघायला उभे. झगलूल चासी हाताने चाचपून सगळ्यांना सांगत होता, "बघा, कुठे करवत लागलेली नाही." मी दुकानाच्या दारात उभी होते. शहीराला मी शेजारी पाठवलं होतं. तिने हे बघायला नको होतं.

महरूसने चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि मेलं. पुन्हा फिरवली, पुन्हा मेलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मशिदीचा लाऊडस्पीकर खरखरला, कुणीतरी तिथे गळा साफ करत होतं. झगलूल वाकून आत घुसला, ठिणगी पुरवणाऱ्या वायरींच्या टोपीला हात घातला, जराशी फिरवली. "मार," तो ओरडला.

आणि इंजिन बोललं. असं बोललं की वरच्या काचा थरथरल्या. बायकांनी जिभा हलवून लग्नात करतात तसा गजर केला. बाप्यांनी महरूसला मिठ्या मारल्या. झगलूलच्या डोळ्यांत पाणी होतं. तो माझ्यापाशी आला, "शहीराच्या आई, मुबारक. घर वाचलं तुमचं."

"हो का," मी म्हटलं.

महरूस तेलकट हात पुसत आला. पाच दिवसांची दाढी, आणि हसू कानापर्यंत. "बघितलंस? म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस. आता सगळे आहेत तोवर अजून एक शपथ घे."

"घेतो की. हजार घेतो. सांग."

"म्हण, यापुढे माझ्या तोंडून बायकोच्या तलाकची शपथ निघाली, तर हे लेथ मशीन झगलूलचं."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि वळून दुकानात मशीनकडे बघितलं. तोंड उघडलं. मी थांबले. सगळे थांबले.

"काहीतरीच काय, इन्शिराह," तो म्हणाला. "मशीनची शपथ कुणी घेतं का? घर चालतं त्याच्यावर."

कुणीतरी गाडीची चावी बंद केली. झगलूल जमिनीकडे बघायला लागला. आपण काय बोललो ते महरूसला बोलून झाल्यावर कळलं. मला त्याच्या तोंडावर दिसलं. "इन्शिराह, तसं नाही," असं काहीतरी म्हणत तो पुढे आला, पण मी जिना चढायला लागले होते. अजान झाली. बाप्ये नमाजाला गेले. ते परत आले तोवर मी शहीराला घेऊन वग्दीकडे पोचले होते.

तलाक झालेला नाही. शेखसाहेबांनी निर्वाळा दिला, शपथ पुरी झाली, नातं जसंच्या तसं आहे. महरूस दर शुक्रवारी नमाज झाली की येतो. शहीराला गाडीतून नदीकाठी फिरवून आणतो. मग भावाच्या ओट्यावर बसतो, कान धरतो, म्हणतो पुन्हा तो शब्द तोंडातून काढणार नाही, आईशप्पथ, कुराणाशप्पथ. मी म्हणते, त्या नकोत, मी सांगितली होती ती घे, आज घे, आत्ता तुझ्याबरोबर घरी येते. तो मान खाली घालतो, चहा संपवतो आणि दुकानात परत जातो.